बाजारपेठेच्या पुनर्विकासावर हरकत कशी घ्यावी?

मालवणसारख्या गावात किराणा, भाजी, मासळी, शिंपी, औषधे सारे चालत गाठता येते. त्या जागी मोटारींचे शोरूम आले, तर गाडी नसलेल्यांचा रोजचा बाजार लांब जातो. असा बदल रोखता येईल का, हे प्रामुख्याने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ वर अवलंबून असते.

आधी काय पाहावे?
नगरपरिषदेकडून जागेचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भागनकाशा घ्यावा. जागा मंडईसाठी आरक्षित असेल, तर आरक्षण बदलण्यासाठी कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्याची जाहीर सूचना निघते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. अंतिम मंजुरी राज्य शासन देते. प्रारूप आराखडा नव्याने प्रसिद्ध झाला असेल, तर कलम २६ खाली ३० दिवसांत हरकत द्यावी. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी.

मर्यादा कोणती?
जागा आधीच वाणिज्य विभागात असेल, तर शोरूमसाठी सहसा फेरबदल लागत नाही आणि ही वाट बंद होते. तेव्हा भाडेकरू दुकानदारांना भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आणि फेरीवाल्यांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ यांचा आधार उरतो. गिऱ्हाइकांसाठी मात्र स्वतंत्र संरक्षण नाही. म्हणून आराखडा प्रारूप असतानाच बोलणे महत्त्वाचे.