वखारीतील माता आणि तिचे तान्हे

रायगडावर दूध घालावयास आलेल्या हिरकणी गवळणीची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. सांज झाली, गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे भुकेले असेल या विचाराने ती माता रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. पुढे महाराजांनी तेथे बुरूज बांधविला व त्यास तिचे नाव दिले, असे लोक सांगतात. या कथेत वात्सल्याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु तिच्या दुसऱ्या अंगाकडे सहसा कोणी पाहत नाही. हिरकणीपाशी पान्हा होता, धैर्यही होते. नव्हता तो उघडा दरवाजा. कामावर गेलेल्या मातेचे दूध तिच्या मुलास मिळावयाचे, तर वेळ, जागा आणि जाणत्या माणसाची सोबत या तीन गोष्टी लागतात. त्या तिला कोणी व कधी दिल्या, हा इतिहास पाहावयाचा तर सीमाभागातील निपाणीकडे वळले पाहिजे.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. येथील वखारींत तंबाखू कुटण्याचे व चाळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले आणि घरोघरच्या ओट्यांवर विड्याही त्यांनीच वळल्या. वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. तान्ह्या मुलास तेथे नेणे धोक्याचे आणि घरी ठेवणे जिवावर येणारे. मराठीत जे ‘अंगावरचे दूध’, त्यालाच शेजारच्या कन्नड घरात ‘एदेहालू’ म्हणतात. भाषा दोन असल्या, तरी अडचण एकच होती.

या अडचणीची दखल जगाने प्रथम घेतली ती १९१९ मध्ये. वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने मातृत्वसंरक्षणाचा करार केला. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस कामाच्या वेळात दररोज दोनदा अर्धा अर्धा तास सवड द्यावी, असे त्यात होते. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी या परिषदेस उपस्थित होते. भारताने तो करार स्वीकारला नाही. तथापि जोशी स्वस्थ बसले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. त्यानंतर मुंबई इलाख्यानेच पुढाकार घेतला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या प्रश्नावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ठामपणे प्रतिपादिले. १९२५ मध्ये निपाणीस भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेस ते आले होते. या मुलखातील कष्टकऱ्यांना ते परके नव्हते. १९२९ मध्ये कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. परंतु कायदा कारखान्यांपुरता होता आणि त्याचा भर प्रसूतीच्या वेळची रजा व भत्ता यांवर होता. कामावर परतलेल्या मातेने मूल केव्हा पाजावे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर स्वातंत्र्यानंतर आले. तोपर्यंत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेस, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, पाजण्यासाठी रोज दोन सवडी दिल्या आणि त्यांबद्दल मजुरी कापण्यास मनाई केली. पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवण्याचे बंधन घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या कामगार संहितांत सामावले गेले. तथापि पंधरा महिन्यांपर्यंतच्या दोन सवडी त्यांतही कायम आहेत.

कायद्याचा कागद वखारीच्या दारापर्यंत पोहोचविण्यास मात्र संघटना लागते. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी ती उभारली. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या गटाने त्यांच्या जीवनावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट तयार केला. धूळ, तुटपुंजी मजुरी आणि एकजुटीने आलेले धैर्य यांची साक्ष त्यात त्या स्त्रियांनीच दिली आहे.

आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीचे काय? ती मुलाजवळच असते, मग तिला अडचण कसली, असे वरवर वाटते. वस्तुतः तिची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. मूल पदराखाली घेतले, की हात थांबतात आणि विड्या कमी भरतात. कारखान्यातील स्त्रीची मजुरी कापू नये असे कायदा सांगू शकतो. पण घरी वळणारीच्या मजुरीतून पाजण्याची प्रत्येक वेळ कोणी न कापताच वजा होते. १९६६ च्या कायद्याने प्रसूतीचा लाभ घरकामगार स्त्रीपर्यंत नेला खरा, परंतु हे गणित त्याला सोडविता आले नाही.

वेळेइतकेच महत्त्व जाणत्या सोबतीचे. १९५६ मध्येच अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सात मातांनी ‘ला लेचे लीग’ ही संस्था काढली. तेथे डबाबंद दुधाचा प्रसार इतका झाला होता, की अंगावर कसे पाजावे हे सांगणारी वडीलधारी स्त्रीच सापडेना. म्हणून मातांनी मातांना शिकविण्यास आरंभ केला. आपल्याकडे आजी होती, सुईण होती, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होते. मात्र या परंपरेत एक उणीव होती. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या कित्येक घरांत बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकीत आणि बाळास मध चाटवीत. तोच चीक बाळाचे रोगांपासून रक्षण करतो, हे आता निःसंशय ठरले आहे. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळास पाजावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये.

नेहमीच्या तक्रारींवर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. बाळाने केवळ बोंडशी धरली तर तिला चिरा पडतात. भोवतीचा काळसर भागही बऱ्यापैकी त्याच्या तोंडात गेला पाहिजे. छाती दाटून दगडासारखी झाली तर वारंवार पाजावे आणि उरलेले दूध हाताने काढावे. लाली व ताप आल्यास डॉक्टरांस दाखवावे, परंतु पाजणे थांबवू नये. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार सर्वांत मोठी. पण पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा वेळा किंवा अधिक लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते असे समजावे. दुधाचे विहिरीसारखे आहे. उपसा होईल तसा झरा वाहतो. कामावर जाणाऱ्या मातेने काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात सुमारे चार तास टिकते. कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने पाजावे. तंबाखूच्या गावात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिश्री लावणाऱ्या मातेच्या दुधात तंबाखूचे विष उतरते. त्यासाठी सोडावयाची ती मिश्री, पाजणे नव्हे. वखारीतून आल्यावर हात धुऊन, लुगडे बदलून मगच मूल जवळ घ्यावे.

हे समजावून सांगणारी माणसे आज गावोगाव आहेत. १९७५ मध्ये अंगणवाडीची योजना सुरू झाली, २००५ मध्ये ‘आशा’ आली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने केवळ स्तनपानाच्या प्रसारासाठी ‘माँ’ हा कार्यक्रम काढला. महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ झाले. गवळणीचे नाव अखेरीस एका दरवाजास लाभले. तथापि ओट्यावर विड्या वळीत बसलेल्या मातेस यांपैकी कशाचा उपयोग होईल, हे तिच्या घरावर अवलंबून आहे. ती मूल पाजीत असता सासूने, नणंदेने किंवा नवऱ्याने तिचे सूप पुढे ओढून तेवढ्या विड्या वळल्या, तर तिची मजुरी बुडणार नाही आणि बाळही अर्धपोटी राहणार नाही. दोन सवडी देण्यास सरकारला १९६१ साल उजाडले. घराला त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.