दौडीचा झेंडा

संक्रांतीची सकाळ म्हणजे सुगडं, वाण आणि तिळगूळ. आमच्या गावात मात्र त्या दिवशी आधी दौड असते. चावडीपासून निघायचं, फाट्यावरच्या वडाला वळसा घालून परत यायचं. गावच्या माजी सैनिकांच्या मानाची ही दौड. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पुढे, शाळकरी मुलं मागे, फौजी काका फेटे बांधून खुर्च्यांवर. आम्ही गटाच्या बायका गूळ-पाणी देतो.

१४ जानेवारीच का? १९५३ साली या तारखेला करिअप्पा निवृत्त झाले. सैन्याचे ते पहिले भारतीय सरसेनापती. २०१६ पासून हा दिवस देशभर माजी सैनिकांसाठी पाळतात.

आपल्या साताऱ्याकडची गोष्ट त्याहून जुनी. १९१४ ते १९१९ च्या लढाईची दगडी पाटी कितीतरी गावांत अजून दिसते. या गावातून इतके पुरुष लढाईवर गेले, त्यातले इतके कामी आले. बस्स, आकडे. नावं नाहीत. अपशिंग्याचे तर ४६ जण त्या युद्धात गेले. त्या गावाला आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. गटात एकदा विषय निघाला. ४६ जण गेले, तर मागं किती चुली उघड्या पडल्या? शेतं कोणी कसली? त्या बायकांचा पाटीवर आकडासुद्धा नाही.

शंभर वर्षांपूर्वीचं कशाला, आमच्याच आळीत एक काकी आहेत. त्यांचे मालक फौजेतून सुभेदार होऊन आले, आता ते नाहीत. काकी दौड दाराआडून बघायच्या. "या की पाणी द्यायला," म्हटलं तर "सणाचा दिवस आहे गं," एवढंच बोलायच्या. हे पुरुषांनी केलं असं म्हणायला आम्हाला तोंड नाही. हळदीकुंकवाची यादी आम्हीच करत होतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींसाठीही परिपत्रक काढलं. आम्ही ते बैठकीत वाचलं आणि भांडणच लागलं. दोन बैठका त्यातच गेल्या. एक मैत्रीण उठून गेली ती गेलीच.

पुढच्या संक्रांतीला दौडीचा झेंडा काकींच्या हातात दिला. मालकांची पदकं पदराला लावून आल्या होत्या. झेंडा वर धरला आणि खाली करायचंच विसरल्या. पोरं ताटकळली. शेवटी एक फौजी काका म्हणाले, "वहिनी, सोडा की आता पोरांना!"

दुपारी काकी हळदीकुंकवाला आल्या. रुसलेल्या मैत्रिणीकडे तिळगूळ द्यायला आम्ही त्यांनाच पाठवलं. तिनं तो दारातच घेतला, आत या म्हणाली नाही. यंदा परत जाणार आहोत.