गोंदियाची ओसरी

गेल्या चैत्रात आमच्या घरमालकांचे नातू नकाशाची गुंडाळी काखेत मारून आले. ओसरीवर त्यांनी ती पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर माझ्याकडे तपासायला आलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले आणि म्हणाले, "गुरुजी, हे पाहा. तुम्ही इथे राहाल." त्यांचे बोट दुसऱ्या मजल्यावरच्या एका चौकोनावर होते. मी मात्र आम्ही बसलो होतो ती जागा नकाशात शोधू लागलो. ती सापडली तेव्हा तेथे चार मोटारी उभ्या होत्या.

गोंदियाच्या बाजारपेठेत ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. गोरेलाल चौकाकडून दुर्गा चौकाकडे निघाले, की दर दहा-वीस घरांआड एखादे घर पाडलेले दिसते. विटा एकीकडे, सागाच्या कड्या दुसरीकडे आणि फुटक्या कवेलूंचा ढीग मधोमध. चार महिन्यांनी पुन्हा जावे, तो तेथे काँक्रीटचे खांब उभे. वाईट वाटण्याआधी हे घर असे का होते आणि ते आता का पडते आहे, याचा विचार करावा असे मनात आले. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. परंतु ज्या घरात आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे गेली, त्याची कुळकथा सांगायला पदवी लागू नये.

गोंदिया हे मुळात लहानसे मालगुजारी गाव. जंगलातून येणाऱ्या गोंदाचा, म्हणजे डिंकाचा, व्यापार येथे चाले आणि त्यावरूनच गावाला नाव पडले, असे सांगतात. १९०१ च्या खानेसुमारीत येथली वस्ती साडेचार हजारांच्या आसपास होती आणि तहसिलीचे ठिकाण तिरोडा होते. गाव वाढले ते रेल्वेमुळे. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज रस्ता येथून गेला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने ते रूळ रुंद केले. मग १९०३ ते १९०५ या काळात सातपुडा ओलांडून नैनपूरवरून जबलपूरला जाणारी 'छोटी लाईन' सुरू झाली. पुढे दक्षिणेला नागभीडवरून चांद्याकडेही तशीच एक लाईन निघाली.

या रुळांच्या रुंदीतच आमच्या बाजारपेठेचे बीज आहे. मोठ्या लाईनीचा डबा छोट्या लाईनीवर चढत नाही. जबलपूरकडून आलेला माल गोंदियाला उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. त्यासाठी हमाल हवा, गोदाम हवे, दलाल हवा. गाडी चुकली किंवा वॅगन मिळाली नाही, की मालाबरोबर माणसाचाही मुक्काम पडे. मारवाडी आले, गुजराती आले, फाळणीनंतर सिंधी आले. रुळांपलीकडे रेलटोली वसली. घरात पोवारी किंवा झाडीबोली, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी, असा आमच्या गावाचा तिपेडी संसार तेव्हापासूनचा आहे.

घरेही या मुक्कामाच्या मापानेच बांधली गेली. तोंड अरुंद, पोट लांब. रस्त्यावर दुकान, त्याला लागून ओसरी. आत गोदाम, मग आंगण आणि विहीर. त्यापलीकडे राहते घर आणि शेवटी सांदवाडी. सर्वांत मागे एक बोळ असे. ती कशासाठी, हे आता नव्या पिढीला सांगावे लागते. डब्याचे संडास होते त्या काळी मैला डोक्यावर वाहून नेणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये, म्हणून ती बोळ.

ओसरी मात्र पुढच्या बाजूस आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. धान विकायला आलेला शेतकरी रात्री तेथे घोंगडी टाकी. मुनीम तेथेच वही मांडी. दुपारी घरच्या बाया तेथे तांदूळ निवडीत. तिचे भाडे कोणी आकारले नाही, आणि घराची किंमत करताना ती वेगळी मोजावी असेही कोणाला सुचले नाही.

तांदळाच्या गिरण्या आणि विडीचे कारखाने यांनी गावात पैसा आणला. त्यातून कॉलेज उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर. विडीच्या व्यापारातले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पाठोपाठ धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय निघाले. १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९९९ च्या महाराष्ट्रदिनी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळे होऊन जिल्हा झाले, आणि २०१६ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. साडेचार हजारांचे गाव २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या वर गेले होते.

कॉलेज निघाले, की पोरे येतात. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव, तिकडे बालाघाट. वसतिगृहे थोडी आणि पोरे पुष्कळ. तेव्हा या व्यापारी घरांनीच त्यांना पोटात घेतले. गोदामाचा कोपरा, सपरीचा तुकडा, ओसरीला बांबूचे तट्टे लावून केलेली खोली. पोराने घरून तांदळाची थैली आणावी, स्टोव्हवर भात रांधावा आणि विहिरीवर अंघोळ करावी. वखारीच्या गावाचे कॉलेजचे गाव झाले, ते असे एकही वीट न हलवता.

मी स्वतः कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. १९९६ साली मॅट्रिकच्या वर्षासाठी खेड्यातून आलो, तो याच घराच्या ओसरीवरच्या खोलीत. पलीकडे बी. एस्सी.ची दोन पोरे होती. त्यांच्या दिव्याच्या उजेडात मी बीजगणित केले आणि त्यांच्याच ट्रंकेतून पहिली कादंबरी चोरून वाचली. पुढे शाळेत लागल्यावर त्याच घराच्या आतल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यामुळे या ओसरीविषयी मी लिहू लागलो, की लेखणी आपोआप गोड होते. म्हणूनच दुसरी बाजूही येथेच लिहून ठेवतो.

मी आलो त्याच आठवड्यात माझ्याच शाळेतला, माझ्याच तालुक्यातला एक सोबती वळकटी घेऊन आला. ओसरीवरची दुसरी खोली रिकामी होती. घरमालकांनी त्याला पाणी विचारले, वडिलांचा धंदा विचारला आणि मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर म्हणाले, "खोली लागली, बाबू." खोली लागलेली नव्हती. ती दिवाळीपर्यंत रिकामी होती. मी खांबाला टेकून उभा होतो. एक शब्द बोललो नाही. सोबती सरकारी वसतिगृहात गेला, माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाला, आणि आजही भेटला की हसून बोलतो. त्याच्या हसण्याने मला बरे वाटत नाही. ओसरी सर्वांची होती, असे कोणी म्हणाले की मला तो खांब आठवतो.

आता घर पडते का, ते पाहू. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४९ साली घरभाडे नियंत्रणाचा आदेश काढला. युद्धानंतरच्या टंचाईत तो आवश्यकच होता. कंट्रोलरच्या परवानगीवाचून भाडेकरूला काढता येईना आणि भाडेही मनास येईल तसे वाढविता येईना. आमचा भाग मध्यप्रदेशातून १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, तरी तो आदेश विदर्भात २००० सालापर्यंत चालूच राहिला. मग १९९९ चा नवा भाडेकायदा अमलात आला. मधल्या पन्नास वर्षांत जे व्हायचे तेच झाले. भाडे हातरुमालाएवढे, दुरुस्ती धोतराएवढी. मालकाने कवेलू फेरणे सोडले, भाडेकरूने 'घर काय माझे आहे?' म्हणून हात आखडला. पावसाचे पाणी कडीत मुरले, कडीला वाळवी लागली. आज नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, तेव्हा ती खोटी नसते.

मुंबईत अशा वेळी जागेची किंमतच भाडेकरूच्या मदतीला येते. वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या. तेथल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांचे घर देण्याची योजना झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. वर उंच मनोरे बांधून विकले, की खालचे फुकट देता येते. गोंदियात तेवढे मनोरे घेणार कोण? येथे तीन-चार मजले चढतात, खाली दुकाने होतात, आणि हिशेब बसावा म्हणून प्रत्येक हात जागा विकावी लागते. पाडून नवे बांधताना जुन्या भाडेकरूची सोय पाहावी, असे कायद्यात आहे. परंतु ज्याच्यापाशी भाड्याची पावती आहे, त्याच्यासाठी. तट्ट्यापलीकडच्या पोराला पावती कोणी दिली होती?

विकायचे कसे, याचाही कायदा आहे. पूर्वी बांधकामवाले जिना, गच्ची, भिंतींची जाडी असे सगळे गिऱ्हाइकाच्या माथी मारीत. त्याला आळा घालायला २०१६ चा 'रेरा' कायदा आला आणि भिंतींच्या आतले चटईक्षेत्र तेवढे विक्रीचे माप ठरले. व्हरांडा त्या मापात धरलेला नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने हे न्यायाचेच झाले. पण मालकाच्या नातवाला मी विचारले, "रस्त्याकडे थोडी ओसरी ठेवता येणार नाही का?" तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "गुरुजी, जी मोजली जात नाही ती बांधू कशी?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर एका परक्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी दिले होते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हिंदुस्थानात आले आणि गावोगावच्या नगररचनेवर त्यांनी अहवाल लिहिले. १९१७ साली त्यांनी जबलपूर नगरपालिकेसाठीही एक अहवाल लिहिला. म्हणजे आमच्या छोट्या लाईनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते येऊन गेले होते. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून शेकडो घरे पाडणे त्यांना मान्य नव्हते. आधी पायी हिंडून रोग ओळखावा, अगदी मोडकळीस आलेले तेवढे काढावे, त्या मोकळ्या जागेत आंगण करावे, झाड लावावे, आणि बाकीच्यांना श्वास घेऊ द्यावा, ही त्यांची रीत. हुशार वैद्य बोट कापून हात वाचवतो, तसे.

आमच्या बाजारपेठेला ही रीत लागू पडली असती. मागच्या त्या बोळी मोकळ्या राहिल्या असत्या, तर जिच्या जन्मात माणसाची विटंबना होती तीच वाट आज प्राण वाचवायला उपयोगी पडली असती. तसे झाले नाही. संडास आत गेले आणि बोळींवर ज्याने त्याने भिंत चढवली. २०१६ च्या डिसेंबरात बाजारातल्या एका हॉटेलला पहाटे आग लागली आणि माणसे दगावली. तेव्हापासून अरुंद गल्लीत बंब कसा वळेल, हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नवे नकाशे पाहताना मी आधी मागची बाजू पाहतो.

घरी हे सारे मी मोठ्या तळमळीने सांगितले. आमच्या मंडळींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही ओसरीवर लेख लिहा. पाऊस आला, की घमेली मी लावते." मग थोड्या वेळाने, हातातले काम न थांबवता, त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षे रात्री संडासला जायचे तर आंगण ओलांडून जाते आहे. गेल्या पावसाळ्यात दोनदा साप निघाला. ते कोणत्या इतिहासात येते?"

ते याच इतिहासात यायला हवे, म्हणून येथे लिहिले. जुने घर पुरुषांच्या पुढच्या बाजूने सुंदर होते. त्याचा मागचा भाग ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना ते पडल्याचे दुःख माझ्याइतके होणार नाही.

मी सही केली. दुसऱ्या मजल्यावरचा चौकोन आता आमचा आहे. त्यात संडास आहे, न गळणारे छत आहे आणि पूर्वेला खिडकी आहे. सही करण्यापूर्वी नातवाला एक विनंती केली. जिन्याखाली, मोटारींच्या शेजारी, दहा फूट लांबीचा एक ओटा बांधावा आणि वरच्या गच्चीवर दोन खोल्या विद्यार्थ्यांसाठी भाड्याने ठेवाव्यात. भाड्याचा करार लेखी असावा, आणि आडनावाचा रकाना फक्त करारात असावा, दारावर नसावा. तो म्हणाला, "ओट्याचे पाहतो." खोल्यांविषयी तो बोलला नाही.

माझ्या जुन्या खोलीत गेली दोन वर्षे सालेकसा तालुक्यातली एक मुलगी राहत होती. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. घर रिकामे करायचे ठरले, त्या रविवारी तिचे वडील आले. पलंगाची फळी, स्टोव्ह, पुस्तकांची पेटी आणि अर्धी उरलेली तांदळाची थैली ई-रिक्षात चढवली. गावाबाहेर, कॉलेजपासून चार किलोमीटरवर, तिला खोली मिळाली होती, भाडे दुप्पट. मी विचारले, "खोली चांगली आहे ना, बेटा?" ती म्हणाली, "चांगली आहे गुरुजी. फरशी आहे. फक्त बसायला बाहेर जागा नाही."

रिक्षा वळली, तेव्हा मी ओसरीच्या त्याच खांबाला टेकून उभा होतो.