आंब्याची फळी टिकवायची तर

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. त्याच सागाची सालीलगतची पांढरट पट्टी, म्हणजे रसकाष्ठ, मात्र किडीला लवकर बळी पडते. साग परवडेनासा झाल्यावर ज्या आंबा, निलगिरी, रबर या लाकडांवर भिस्त ठेवावी लागते, त्यांच्यासाठी परिरक्षण अनिवार्यच आहे. या शास्त्रात नव्याने येणाऱ्यांना विनंती एकच: रसायनांच्या आधी लाकूड पाहा.

आंब्याच्या तुकड्याचे टोक धारदार पात्याने आडवे तासा, थोडे ओले करा आणि दहापट भिंगातून न्याहाळा. सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसतील. त्या वाहिन्या. झाडात पाणी चढते ते यांतून, दाबाखाली सोडलेले औषध शिरते तेही यांतूनच आणि लिक्टस भुंगेऱ्याची मादी अंडी घालते तीही इथेच. तिच्या अळीला रसकाष्ठातला स्टार्च हवा असतो. फळीखाली टाल्कमसारखी मऊ पूड साचू लागली, की समजावे, आत पोखरण केव्हाच सुरू झाली आहे. देवदाराला अशा वाहिन्या नसतात, म्हणून हा भुंगेरा त्याच्या वाटेला जात नाही.

आधी निर्वात, मग दाब, ही जॉन बेथेल यांची 1838 ची रीत आजही चालते. पण वाहिनी भरली म्हणजे लाकूड भरले असे नव्हे, आणि मला हा या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये निलगिरीच्या खांबांना तांबे-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेली होती. तरीही 1970 च्या दशकात ते मृदुकुजीने, म्हणजे लाकूड मऊ पाडणाऱ्या बुरशीच्या कुजीने, ग्रासलेले आढळले. औषध वाहिन्यांत होते, शेजारच्या तंतूंच्या भिंतींत पुरेसे पोचले नव्हते.

तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे हे मिश्रण आपल्याकडचेच. सोंटी कामेशम यांनी ते 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सिद्ध केले. तांबे बुरशी रोखते, आर्सेनिक कीड, आणि क्रोमियम दोघांना लाकडात जखडून ठेवते. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते 2003 च्या अखेरीस थांबवण्यात आले. घरातल्या सामानाला बोरिक ॲसिड व बोरॅक्सचे द्रावण पुरते. ओल्या लाकडात ते आपोआप झिरपते, पावसात मात्र धुऊन जाते.

प्रयोगाला बसण्यापूर्वी एवढे कटाक्षाने पाळा: आर्सेनिकयुक्त लाकडाचे उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नका. विष धुरातही जाते आणि राखेतही उरते, आणि त्याच राखेने कोणीतरी भांडी घासते.