खिशांतलें पिस्तूल

इ. स. १५८४ च्या जुलै महिन्याची १० वी तारीख. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरीं ऑरेंजचा राजपुत्र विल्यम दुपारचें भोजन आटोपून दालनाबाहेर पडत होता. जिन्यापाशीं बाल्थाझार जेरार नांवाचा एक तरुण उभा होता. कपड्यांची अडचण सांगून त्यानें थोडक्याच दिवसांपूर्वीं राजपुत्राकडूनच कांहीं द्रव्य मिळविलें होतें, आणि त्याच द्रव्यांतून एका शिपायाकडून पिस्तुलें विकत घेतलीं होतीं. अंगावरील वस्त्राच्या आडून त्यानें पिस्तूल काढलें, आणि क्षणार्धांत नेदर्लंड्सच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नायक तेथेंच कोसळला. त्या वाड्याच्या भिंतींत गोळ्यांच्या खुणा आजही प्रवाशांस दाखविण्यांत येतात.

हा प्रसंग शंभर वर्षें आधीं घडणें शक्य नव्हतें. त्या काळची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. सोऱ्यांत भिजविलेला दोर पेटवून हातीं धरावा, त्याचें जळतें टोंक दारूवर टेकवावें, तेव्हां कोठें बार निघावयाचा. जळत्या तोड्याला उजेड असतो, धूर असतो, वास असतो. तो अंगरख्याखालीं लपविणारा स्वतःच आधीं पेटला असता. आपल्याकडे तर तोड्याची बंदूक पुढेंही कित्येक पिढ्या चालू राहिली. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जी भेट झाली, तींत लपवून नेलेलीं म्हणून बखरींतून वर्णिलेलीं शस्त्रें पोलादाचीं आहेत : बिचवा आणि वाघनखें. बंदूक त्या कामाची नव्हती.

युरोपांत सोळाव्या शतकाच्या आरंभीं चाकाची चाप निघाली आणि ही स्थिति पालटली. पोलादाचें एक लहानसें चाक किल्लीनें पिळून ठेवावयाचें. चाप ओढतांच तें गरकन् फिरावयाचें, खनिजाच्या तुकड्यावर घासून ठिणग्या पडावयाच्या आणि दारू पेटावयाची. घड्याळासारखें हें यंत्र एकदां भरून ठेवलें कीं तासन् तास मुकाट्यानें वाट पाहत बसे. राज्यकर्त्यांच्या हें तात्काळ ध्यानांत आलें. सम्राट मॅक्सिमिलियन यानें १५१७-१८ च्या सुमारास आपल्या मुलुखांत अशा चापेच्या हत्यारांना बंदी केली. म्हणजे लपविण्याजोगें पिस्तूल आणि त्याला आवरूं पाहणारा कायदा, हीं जवळजवळ जुळीं भावंडेंच म्हटलीं पाहिजेत.

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिची गोळी किती दूर जाते आणि किती वेगानें जाते याची मोजदाद करतात. खिशांतल्या पिस्तुलाचा इतिहास निराळ्या बाजूनें वाचावा लागतो. रणांगणावरची बंदूक शत्रूकडे तोंड करून असते; खिशांतलें पिस्तूल दिवसभर धन्याच्याच मांडीला, बरगडीला किंवा पोटाला लागून असतें. त्याच्याकडून धन्याच्या तीन अपेक्षा असतात : तें दिसूं नये, हवें तेव्हां उडावें आणि नको तेव्हां उडूं नये. या तीन अपेक्षा एकमेकींशीं भांडतात. लहान करावें तर जोर जातो. झटपट उडेल असें करावें तर भलत्या वेळीं उडतें. कडेकोट कुलूपबंद करावें तर ऐन वेळीं उघडत नाहीं. गेल्या पांचशें वर्षांतील कारागिरांची बुद्धि हें भांडण मिटविण्यांत खर्च झाली आहे, आणि त्यांतही तिसरी अपेक्षाच सर्वांत अवघड ठरली.

अठराव्या शतकांत लंडनच्या रस्त्यांवर वाटमाऱ्यांचा सुळसुळाट होता. सधन गृहस्थ प्रवासास निघतांना कोटाच्या खिशांत चकमकीचें लहानसें पिस्तूल टाकून निघे. हात उबदार ठेवण्यासाठीं स्त्रिया जी केसाळ नळी वापरीत, तींत मावतील अशीं पिस्तुलेंही बनत. कारागिरांनीं त्यांतील पुष्कळांचा चाप घडीचा केला. घोडा चढविल्याशिवाय तो बाहेरच येत नसे. परंतु गारगोटी झिजली किंवा उघड्या कानांतली दारू दमट झाली, तर सारा खटाटोप फुकट जाई. हा दोष काढण्याची वाट दाखविली ती एका धर्मोपदेशकानें. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील अलेक्झांडर फोर्साइथ याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. कानांतील दारूचा भडका पाहून पक्षी गोळी पोहोंचण्यापूर्वींच उडून जात, म्हणून आघातानें पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करण्याची युक्ति त्यानें काढली आणि १८०७ सालीं तिची सनद मिळविली. पुढें त्यांतूनच तांब्याची टोपी निघाली. आतां पिस्तूल पावसाळ्यांतही खिशांत भरलेलें राहूं लागलें.

या टोपीच्या बळावर फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर यानें जें पिस्तूल केलें, तें मुठींत झांकून जाईल एवढें होतें. नळी कित्येकदां अडीच इंचांहूनही आंखूड, पण तोंड रुंद आणि गोळी जड. बार मात्र एकच; म्हणून तीं बहुधा जोडीनें विकलीं जात. नक्कल करणाऱ्यांनीं डेरिंजरच्या नांवाचा इतका सुकाळ केला कीं, एक अक्षर वाढवून तें नांव अशा सर्वच पिस्तुलांना लागू झालें. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहांत जॉन विल्क्स बूथ यानें अब्राहम लिंकन यांच्या मस्तकामागें धरलें तें असेंच एकबारी पिस्तूल होतें. दुसऱ्या बाराची त्याला गरज पडली नाहीं.

एका बाराची उणीव सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ च्या सनदेनें भरून काढली. फिरत्या चक्रांत पांच-सहा घरें आणि प्रत्येक घरांत एक गोळी. त्याच्या १८४९ च्या खिशांतल्या नमुन्याच्या तीन लाखांहून अधिक प्रती पुढील पाव शतकांत विकल्या गेल्या. १८५७ सालीं स्मिथ आणि वेसन या जोडीनें तयार काडतुसाचें सातबारी लहान रिव्हॉल्व्हर काढलें. त्याची गोळी इतकी हलकी होती कीं, तिनें धटिंगण थांबेल याची खात्री नसे. तरी पुढील यादवी युद्धांत पुष्कळ सैनिकांनीं तें पदरच्या पैशानें घेऊन जवळ बाळगलें.

परंतु बार वाढले तसा धोकाही वाढला. रिव्हॉल्व्हरचा घोडा भरल्या घरावर टेकलेला असला, तर तें खालीं पडतांच उडे. म्हणून जाणती माणसें एक घर रिकामें ठेवून घोडा त्यावर टेकवीत. सर्वच जाणत्यांना तें सुचत असे असें मात्र नाहीं. १८७६ च्या जानेवारींत कॅन्सस संस्थानांतील विचिटा गांवीं वायट अर्प हा पोलीस अंमलदार गुत्त्यांत खुर्चीवर बसला असतां त्याचें रिव्हॉल्व्हर म्यानांतून निसटून खालीं पडलें आणि उडालें. गोळी त्याच्या कोटांतून आरपार गेली. पुढें पश्चिमेंतला अत्यंत निष्णात बंदूकबाज म्हणून ज्याची ख्याति झाली, त्याची ही कथा तेथील वर्तमानपत्रानें तेव्हांच छापली होती.

१८८७ पासून डॅनियल वेसन याच्या कारखान्यानें या दुखण्यावर तोड काढली. नव्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आंत झांकलेला होता, त्यामुळें तो खिशाच्या अस्तरांत अडकत नसे. आणि मुठीच्या पाठीमागें एक पट्टी होती, ती तळहातानें आवळल्याशिवाय हत्यार उडतच नसे. रिव्हॉल्व्हर हाताळतांना एका बालकास दुखापत झाल्याचें ऐकून वेसननें हा शोध लावला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांत एक मोठें सत्य दडलें आहे : घरांतलें पिस्तूल चोराच्या हातीं पडण्यापूर्वीं मुलाच्या हातीं पडतें. अमेरिकन लोकांनीं या हत्याराला थट्टेनें ‘लिंबू-पिळणी’ म्हटलें. परंतु लहान मुलाच्या बोटांना तें लिंबू पिळतां येत नसे, हेंच त्याचें भूषण होतें.

यानंतर धूर न होणारी दारू आली आणि जॉन ब्राउनिंग या यूटा संस्थानांतील कारागिराची बुद्धि चालूं लागली. बेल्जममधील कारखान्यानें १९०० पासून त्याचीं चपटीं, आपोआप भरणारीं पिस्तुलें बाजारांत आणलीं. त्यांतील सर्वांत लहान, १९०६ चें, केवळ साडेअकरा सेंटिमीटर लांबीचें होतें. चपटेपणामुळें तीं कपड्याखालीं फुगत नसत, आणि प्रवासाच्या पेटींतही सहज लपत. हा गुण महाराष्ट्राच्या इतिहासांतही नोंदला गेला आहे. १९०९ च्या आरंभीं विनायक दामोदर सावरकर यांनीं धाडलेलीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन यानें पेटीच्या चोरकप्प्यांतून मुंबईस आणलीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सर्वसामान्य हिंदी माणसास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई होती. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघेही तरुण ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर गेले. १९१४ च्या २८ जूनला साराजेव्हो येथें ज्या हत्यारानें जागतिक युद्धाची ठिणगी पाडली, तेंही ब्राउनिंगच्याच कल्पनेचें. आणि ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींवर रोखलेलें बेरेटा पिस्तूल १९३४ च्या नमुन्याचें, इटलीच्या सैन्यासाठीं आखलेलें, आकारानें असेंच आटोपशीर होतें. विकणारा तें आत्मरक्षणाचें साधन म्हणून विकतो. घेणारा कोणत्या हेतूनें घेतो, हें यंत्राला समजत नाहीं.

म्हणूनच यंत्रावरील कुलुपाबरोबर कायद्याच्या कुलुपाचाही विचार होत राहिला. अमेरिकेंत केंटकी आणि लुइझियाना या संस्थानांनीं १८१३ सालींच लपविलेल्या हत्यारांविरुद्ध कायदे केले. त्या काळची समजूत अशी कीं, सज्जन माणूस हत्यार उघड कमरेला बांधतो. लपवितो तो कपटी. १९११ सालीं न्यूयॉर्कनें लहान हत्यारांना परवाना आवश्यक केला. पुढें वारें उलट फिरलें. १९८७ सालीं फ्लॉरिडानें अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना दिलाच पाहिजे असा नियम केला, इतर संस्थानांनीं त्याचा कित्ता गिरविला, आणि २०२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट रद्द केली. आज निम्म्याहून अधिक संस्थानांत प्रौढ नागरिकास परवान्यावांचूनही पिस्तूल लपवून बाळगतां येतें. भारतांत मात्र १९५९ चा हत्यार कायदा परवान्याचा आग्रह कायम ठेवून आहे.

अशा परवानगीमुळें अमेरिकेंतील दुकानांत आज रोज वापरावयाचें पिस्तूल निवडण्यास माणसें गर्दी करतात, आणि त्यांच्यापुढील प्रश्न तेच पुरातन आहेत. जर्मनीच्या वाल्टर कारखान्यानें १९२९ सालीं घोडा उतरवून भरलेलें ठेवतां येईल असें पिस्तूल केलें; आंत गोळी आहे कीं नाहीं हें अंधारांतही बोटाला कळावें म्हणून त्यांत एक बारीक खिळा बाहेर येई. १९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें ग्लॉक यांचें पिस्तूल पसंत केलें. त्याच्या मुठीचा सांगाडा प्लास्टिकचा, आणि बाहेर सुरक्षिततेची वेगळी कळ नाहीं. आंतील अडसर चाप ओढतांनाच दूर होतात. २०१८ सालीं अर्ध्या किलोच्या आंतबाहेर वजनाचें, दहा काडतुसांची कोठी असलेलें पिस्तूल सिग कारखान्यानें काढलें. तरी भांडण मिटलेलें नाहीं. पिस्तूल जितकें लहान आणि हलकें, तितका त्याचा धक्का तीव्र आणि नेम अवघड. बाहेरची कळ गेली, तेव्हां चाप पुरता झांकणारें कडक म्यान अनिवार्य झालें. तें नसेल, तर सदऱ्याचें टोंकही चापेंत अडकून अनर्थ करूं शकतें.

नवशिका गिऱ्हाईक दुकानांत शिरतांच विचारतो कीं, सर्वांत लहान कोणतें? जाणता शिक्षक त्यास उलट प्रश्न करतो : तें हातांत नीट बसतें काय? त्याच्या शेंकडों गोळ्या उडवून सराव करण्याची तयारी आहे काय? म्यान चाप झांकतें काय? आणि रात्रीं कमरेचें काढल्यावर तें कोणत्या कुलपांत जाणार? मॅक्सिमिलियनच्या बंदीपासून वेसनच्या पट्टीपर्यंत सर्वांची धडपड याच प्रश्नांसाठीं होती. गोळी बाहेर कशी काढावी हें माणसास पांचशें वर्षांपूर्वींच साधलें. ती आंत कशी ठेवावी, हें शिकणें अद्याप चालू आहे. आणि ज्या घरांत मुलें आहेत, तेथें तो धडा पिस्तूल विकत घेण्यापूर्वींच पुरा झालेला असावा लागतो.