आडनावातला ‘कर’ आणि फाइलचं शेपूट

चिपळूणकरांमधला ‘कर’ काढला की चिपळूण उरतं, गुहागरकरांमधला काढला की गुहागर. कोकणात हा खेळ कुणाला शिकवावा लागत नाही. मंगेशकरांपाशी मात्र तो फसतो. हाती ‘मंगेश’ येतो आणि गाव असतं गोव्यातलं मंगेशी. शेपूट नेमकं कुठे कापायचं, हा पेच शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाही रोजचाच.

समजा, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रयोगशाळेत अशी फाइल आहे: /रत्नागिरी/खेड/लोटे/टाकी.12.03.2024.सीएसव्ही. पाकिटावर आपण ‘मु. पो. लोटे, ता. खेड, जि. रत्नागिरी’ असं धाकट्याकडून थोरल्याकडे जातो. संगणकाचा पत्ता उलटा, जिल्ह्यापासून खाली उतरणारा. त्यातलं शेवटचं नाव तेवढं उचलायचंय.

मधल्या तिरक्या रेघेचं कूळ बेल लॅब्जमधलं. युनिक्स घडवण्याआधी केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ज्या मल्टिक्स प्रणालीवर काम करत, तिथे पायऱ्या तोडायला > हे चिन्ह होतं. युनिक्समध्ये त्या जागी / आली. 1983 साली डॉसच्या 2.0 आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा / आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती. म्हणून तिथे उलटी \ आली, ती विंडोजमध्ये आजही आहे.

नाव उचलणारं ‘बेसनेम’ 1979 च्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतलं. शेवटच्या रेघेपर्यंतचं सगळं ते टाकून देतं, आणि सांगितलं तर शेपूटही. त्याच्या मॅन्युअलात उदाहरण दिलंय ते सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल करणाऱ्या स्क्रिप्टचं: ‘.सी’ गळतं आणि उरलेलं नाव तयार प्रोग्रामला मिळतं. बारसंच म्हणायचं!

पण बेसनेम पडला वेगळा प्रोग्राम. दहा हजार फाइली असतील तर त्याला दहा हजार वेळा उठवायचं. डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने ही कापाकापी शेलच्या पोटातच घेतली: पुढून कापायला #, मागून कापायला %. 1992 च्या पॉझिक्स प्रमाणकात ती आली, बॅश या शेललाही ती येते. कुठलं चिन्ह कुठल्या बाजूचं हे आठवेना, तर कीबोर्डवर $ शोधावं. डावीकडे # असतं, उजवीकडे %.

चिन्ह एकदा लिहिलं तर लहानात लहान तुकडा जातो, दोनदा लिहिलं तर मोठ्यात मोठा. आपल्या पत्त्यावर ##*/ चालवलं की टाकी.12.03.2024.सीएसव्ही उरतं. त्यावर %.* चालवलं की सीएसव्ही गळतं, तारीख शाबूत राहते. हात घसरून %%.* पडलं, तर पहिल्या टिंबापासून पुढचं सगळं गेलं. उरली नुसती टाकी. मार्चचे 31 अहवाल या नावाने साठवायला जावं, तर प्रत्येक नवा अहवाल आधीच्याला पुसतो आणि शेवटी एकच फाइल राहते.

शेवटी रेघ असलेला पत्ता, म्हणजे /रत्नागिरी/खेड/लोटे/, ही आणखी एक गंमत. तिथे ##*/ च्या हाती काहीच लागत नाही. आजचं बेसनेम मात्र ती रेघ आधी झटकतं आणि मुकाट ‘लोटे’ काढून देतं.