पाळीची विक्री : दुर्मिळ नव्या वस्तूंची पुनर्विक्री आणि तिची नीतिभाषा

एखादी नवी वस्तू मागणीच्या मानाने थोडी निघते. ज्याला ती आधी मिळते तो ती स्वतः न वापरता चढ्या किमतीस दुसऱ्याला देतो, आणि घेणाराही ती राजीखुशीने घेतो. या व्यवहारात काहीतरी अन्याय झाला, असे बहुतेकांना वाटते. तो नेमका कोणावर झाला, असे विचारले की मात्र उत्तर अडखळते. विकणाऱ्याने वस्तू चोरलेली नसते, घेणाऱ्याला फसवलेले नसते, आणि वस्तू अशी असते की तिच्यावाचून कोणाचे प्राण जात नाहीत. तरीही मराठीत या व्यवहाराला आपण जे शब्द लावतो, काळाबाजार, साठेबाजी, नफेखोरी, ते सारे प्राणांवर बेतलेल्या प्रसंगांतून रुळलेले आहेत. ते धान्याचे शब्द आहेत. धान्यासाठी घडलेली ही नीतिभाषा स्कूटर, सिनेमाचे तिकीट किंवा खेळाचे यंत्र यांना लागू करताना काय निसटते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे. जे निसटते ते ‘पाळी’ होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या व्यवहारात वस्तू नाममात्र विकली जाते. खरी विक्री होते ती रांगेतील जागेची.

‘काळाबाजार’ ही संज्ञा इंग्रजीवरून अनुवादित झालेली असून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती आपल्या भाषांत स्थिरावली. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्याच वर्षी साठेबाजी व नफेखोरी यांना प्रतिबंध करणारा वटहुकूम केंद्र सरकारने काढला. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला, १९८० मध्ये काळाबाजार प्रतिबंधक कायदा आला. या सर्वांमागे एकच चित्र आहे : भरलेले कोठार, त्याच्या दाराशी व्यापारी आणि दाराबाहेर उपाशी माणूस. ‘काळा’ या विशेषणाला जी तीव्रता आहे ती या चित्रातून आलेली आहे.

या चित्राला प्राचीन परंपरा आहे, आणि ती केवळ भारतीय नाही. इ. स. पू. ४४ मध्ये सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक कूटप्रश्न मांडला. ऱ्होड्स बेटावर धान्याची टंचाई आहे. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी गलबत भरून तेथे पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे की मौन राखून चढा भाव घ्यावा? सिसेरो या प्रश्नावर डायोजेनीस आणि अँटिपॅटर या दोन स्टोइक आचार्यांना समोरासमोर उभे करतो आणि स्वतःचा कौल सांगण्याच्या बाजूने देतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेच उदाहरण घेऊन म्हटले की चालू भावाने विकणारा न्याय मोडत नाही, सांगणारा मात्र अधिक सद्गुणी ठरतो. इंग्लंडमध्ये माल बाजारात येण्यापूर्वीच गाठून विकत घेणे आणि बाजारात घेऊन तेथेच पुन्हा विकणे हे दोन्ही गुन्हे होते. तेथील संसदेने १७७२ मध्ये त्याविषयीचे जुने कायदे रद्द केले. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने या व्यवहाराविषयीच्या लोकभयाची तुलना चेटकाच्या भयाशी केली. आणि तरीही १८०० मध्ये महागाईच्या दिवसांत रस्बी नावाच्या व्यापाऱ्यावर याच आरोपाखाली खटला चालला. हा गुन्हा पूर्णपणे पुसला गेला तो १८४४ मध्ये. ई. पी. टॉम्पसन यांनी १९७१ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात ज्याला जमावाचे नैतिक अर्थशास्त्र म्हटले, तेही भाकरीच्या भावाभोवतीच उभे आहे.

आपल्याकडील शास्त्रग्रंथ मात्र एका ठिकाणी या धान्यचित्राच्या बाहेर पडतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतका नफा व्यापाऱ्याला मान्य केलेला आहे. (र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची संशोधित आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढली. या विषयाच्या अभ्यासकाला तिला वगळून पुढे जाता येत नाही.) याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हेच प्रमाण येते, पण एका अटीसह : हा नफा घेऊन लगेच विकून मोकळा होणाऱ्यासाठी आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ही अट उलगडली आहे. जो काही काळ थांबून विकतो त्याचा नफा त्या काळाच्या मानाने वाढवून धरावा, असा त्याचा आशय आहे. येथे नफ्याचे समर्थन मालाच्या उपयुक्ततेवर किंवा घेणाऱ्याच्या गरजेवर ठेवलेले नाही; विकणाऱ्याने घालवलेल्या काळावर ठेवलेले आहे. बाराव्या शतकाच्या आसपासची ही टीका आपल्या प्रश्नाच्या फार जवळ येते. कारण स्कूटरच्या इतिहासात काळ हीच वस्तू होती.

पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीला दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पियाज्योशी असलेला तांत्रिक सहकार्याचा करार १९७१ मध्ये संपल्यानंतर, १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. कारखान्याने किती वाहने काढावयाची हे परवान्याने ठरलेले होते. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवण्याची मोकळीक नव्हती. वितरणावर नियंत्रण ठेवणारा स्कूटरविषयक आदेश १९६० मध्येच निघालेला होता, आणि येथे एक तपशील लक्षणीय आहे : तो धान्याच्या, म्हणजे जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली निघालेला नसून १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्याखाली निघालेला होता. स्कूटर ही जीवनावश्यक नाही, हे सरकारला ठाऊक होते. तिच्यासाठी नाव नोंदवावे लागे, अनामत ठेवावी लागे, आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. काही ठिकाणी ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत लांबली. परिणामी वापरलेली चेतक कोऱ्या चेतकच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई. जुनी वस्तू नवीपेक्षा महाग असणे हे कोणत्याही साध्या अर्थव्यवहारात विपरीत वाटेल. पण वापरलेल्या स्कूटरमध्ये लोखंडाबरोबर दहा वर्षे मुरलेली होती, एवढे ध्यानात घेतले की त्यात विपरीत काही उरत नाही.

या जास्तीच्या रकमेला बाजारभाषेत ‘ऑन’ हा शब्द मिळाला. वाहनांच्या व्यवहारात तो रुळला आणि घरांच्या व्यवहारातही वावरत राहिला. हा शब्द तुलनाकारांनी अवश्य तपासावा. ‘काळा’ या शब्दात निर्णय आहे. ‘ऑन’मध्ये कोणताच निर्णय नाही, केवळ बेरीज आहे. सिनेमाचे तिकीट ‘ब्लॅकने’ घेतले जाई, स्कूटर बहुधा ‘ऑन देऊन’ घेतली जाई. दोन्ही ठिकाणी व्यवहार तोच होता. फरक विकणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा होता. तिकीट विकणारा थिएटरच्या फुटपाथवरचा पोरगा असे. स्कूटरचा ऑन घेणारा पुष्कळदा बँकेतला कारकून, शाळामास्तर, निवृत्त अधिकारी असे. गरज असो वा नसो, त्याने नंबर लावून ठेवलेला असे, आणि नंबर लागला की तो विकून मुलीच्या लग्नाची किंवा घराच्या छपराची सोय पाही. साठेबाजाच्या चित्रातील भरल्या कोठाराशी याचे काहीही साम्य नाही. त्याच्याजवळ साठा नव्हता. यादीतील एक आकडा होता. मराठी मध्यमवर्गाने धान्याच्या व्यापाऱ्याला उद्देशून जी नीतिभाषा जोपासली, तिच्यातील एकही शब्द त्याने या प्रसंगी स्वतःला लावून घेतला नाही, हे सांगताना प्रस्तुत लेखक स्वतःच्या वर्गाला वगळू इच्छित नाही.

याहून अवघड प्रश्न सरकारी वाट्याचा आहे. परदेशी चलनात किंमत भरणाऱ्याला स्कूटर प्राधान्याने मिळे. आखातात किंवा अमेरिकेत नातलग असलेल्या घरांना ही वाट ठाऊक होती. म्हणजे पाळी विकत घेता येत होती. विक्रेते सरकार होते आणि मूल्य डॉलरमध्ये होते. नैतिक दृष्ट्या पाहिले तर रांगेतील माणसाचे जे नुकसान कारकुनाच्या ऑनने होते, तेच डॉलरच्या वाट्यानेही होते, किंबहुना अधिक होते. कारकून आपली पाळी दुसऱ्याला देतो तेव्हा रांगेतील इतरांचे क्रमांक बदलत नाहीत. डॉलरचा ग्राहक शिरतो तेव्हा त्याच्यामागचे सर्वजण एक पाऊल मागे सरकतात. तरीही या दुसऱ्या व्यवहाराला कोणी काळाबाजार म्हटले नाही. नवीन वाहन ठराविक मुदतीत पुन्हा विकण्यावर जे बंधन होते ते व्यक्तीवर होते.

या संदर्भात विजय आनंद यांचा ‘काला बाजार’ (१९६०) हा चित्रपट पुन्हा पाहण्यासारखा आहे. त्याचा नायक रघुवीर हा नोकरी गेलेला बस कंडक्टर. तो तिकिटांचा काळाबाजार करून धनवान होतो. शीर्षक धान्याच्या जगातले आहे, कथा मात्र पाळीच्या विक्रीची आहे. चित्रपटाचे नैतिक केंद्र असलेला क्षण म्हणजे नायिकेने काळ्या बाजारातून आणलेली तिकिटे फाडून टाकणे. धान्य कोणी फाडत नाही. टंचाईत धान्य नष्ट करणे हेच पाप ठरेल. तिकीट मात्र फाडता येते, कारण त्यात नकार देण्याजोगी चैन आहे. दिग्दर्शकाला हा भेद सैद्धांतिक पातळीवर अभिप्रेत होता असा दावा येथे नाही; पण दृश्याने तो पकडला आहे, आणि शीर्षक त्याच्या विरोधात उभे आहे.

सोव्हिएत रशियात हा भेद कायद्यानेच पुसला होता. रशियन गणराज्याच्या १९६० च्या दंडसंहितेतील कलम १५४ नुसार नफ्याच्या हेतूने वस्तू घेऊन पुन्हा विकणे हा ‘सट्टेबाजी’चा गुन्हा होता, तो १९९१ मध्ये रद्द झाला. या वातावरणातून निघालेल्या दोन कृती आपल्या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. व्लादिमिर सोरोकिन यांची ‘रांग’ ही कादंबरी १९८५ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. ती संपूर्णपणे रांगेतल्या माणसांच्या संवादांची बनलेली आहे. तेथे क्रमांक वाटले जातात, हजेरी घेतली जाते, आणि शेवटी नायकाला वस्तूची वाट सापडते ती रांगेत नव्हे, तर दुकानात अधिकार असलेल्या स्त्रीच्या घरी. कशासाठी उभे आहोत हे वाचकाला कळत नाही, आणि त्याने फारसे बिघडतही नाही. पाळी वस्तूपासून किती सुटी होऊ शकते याचे याहून नेमके चित्रण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. सेर्गेई दोव्लातोव यांच्या ‘सूटकेस’ (१९८६) या कथामालेतील पहिली कथा फिनलंडच्या मोज्यांची आहे. लेनिनग्राडमधील निवेदक आणि त्याचे सोबती परदेशी मोजे पुनर्विक्रीसाठी घेतात, आणि नेमके त्याच वेळी सोव्हिएत कारखाने तसलेच मोजे स्वस्तात काढू लागतात. माल गळ्यात पडतो. सिसेरोच्या व्यापाऱ्याच्या मागून गलबते येत होती. येथे ती आली, आणि विकणाऱ्याच्या आधी आली. आपल्याकडेही १९८० नंतरच्या दशकात परवाने सैल होऊन नव्या स्कूटरी आल्या, तेव्हा ऑन असाच विरघळला. तो गेल्याचा शोक कोणी केला नाही आणि त्याविषयी कोणी माफीही मागितली नाही.

ही नीतिभावना समाजवादी टंचाईतून उपजली, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो टिकत नाही. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कॅनडातील लोकांना विचारले होते : हिमवादळानंतर दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर केली तर ते न्याय्य आहे काय? ८२ टक्क्यांनी अन्याय्य म्हटले. नाताळपूर्वी सापडलेली, सर्वत्र संपलेली एकमेव बाहुली दुकानाने लिलावाने विकणे सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना गैर वाटले. तेच पैसे मुलांच्या मदतनिधीला जाणार असतील तर बहुसंख्यांना ते योग्य वाटले. पुढे रॉबर्ट शिलर आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी मॉस्को व न्यूयॉर्क येथे विचारलेल्या प्रश्नांना, सणाच्या दिवशी फुलांचे भाव चढवण्याविषयी, जवळजवळ सारखीच नापसंतीची उत्तरे मिळाली. बाहुलीचे उत्तर आपल्या डॉलरच्या वाट्यावर प्रकाश टाकते. लोकांचा आक्षेप चढ्या किमतीला कमी आणि ती कोणाच्या खिशात जाते याला अधिक आहे. परकीय चलन ‘देशाला’ मिळत होते, म्हणून ती विक्री पांढरी राहिली.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ हे खेळाचे यंत्र बाजारात आले आणि स्वयंचलित संगणक-आज्ञावली चालवणाऱ्या पुनर्विक्रेत्यांनी त्याचे साठे क्षणात उचलले, तेव्हा हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये भारत सरकारने मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर यांना काही काळापुरते जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले होते, आणि जपानने मुखपट्ट्यांच्या चढ्या पुनर्विक्रीवर बंदी आणली होती. प्राणाची वस्तू आणि हौसेची वस्तू हा भेद शासनांनी येथे अचूक राखला. भाषांनी तो राखलेला नाही. चिनी भाषा दोहोंतील दलालाला ‘पिवळा बैल’ म्हणते, जपानीने पुनर्विक्रीच्या शब्दाला इंग्रजी ‘बायर’ची शेपटी जोडून नवा शब्द केला, मराठी अजून ‘ब्लॅक’वरच आहे. पण कारकुनाच्या ऑनमध्ये जे होते ते या नव्या व्यवहारात नाही. त्याने दहा वर्षे घातली होती. यंत्र सेकंदही घालत नाही. ते रांग विकत नाही, रांग होऊच देत नाही. याज्ञवल्क्याच्या अटीतील लगेच विकणारा तो हाच. मिताक्षरेने काळापोटी दिलेली वाढ त्याला मिळणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात हे यंत्र ४९,९९० रुपयांना आले. परदेशी मालाचे शेकडा दहा धरले तर त्याच्या वाट्याला चार हजार नऊशे नव्याण्णव रुपये येतात.